मूक प्रस्थापना आणि पूर्वदत्त उत्तरे

संगणकावर आज्ञावली बसविताना पडद्यावर येणारे प्रश्न न विचारता जी प्रस्थापना होते, तीस ‘मूक’ म्हणतात. कार्यालयातील शेकडो संगणकांवर एकच आज्ञावली बसवावयाची, तर तीवाचून गत्यंतर नाही. परंतु येथील मौन म्हणजे प्रश्नांचा अभाव नव्हे. उत्तरे अगोदर दिलेली असतात, इतकेच.

१९९९ साली आलेल्या विंडोज इन्स्टॉलर या व्यवस्थेत मूळ संच हा वस्तुतः कोष्टकांचा संग्रह असतो. त्यास हात न लावता घटक, स्थान इत्यादींविषयीचे बदल ‘ट्रान्सफॉर्म’ नामक वेगळ्या फाइलीत नोंदविता येतात, आणि प्रस्थापनेच्या वेळी ते संचावर लागू होतात. एकाच संचाची विभागवार निरनिराळी रूपे अशी सिद्ध होतात.

जो प्रश्न आपण अनुत्तरित ठेवतो, त्याचे उत्तर मात्र संचातील गृहीतच देते. उदाहरणार्थ, स्पष्ट मनाई केलेली नसल्यास मूक प्रस्थापना, गरज पडताच, संगणक न विचारता बंद करून पुन्हा सुरू करते. समोर बसलेल्याचे जतन न केलेले लेखन त्यात नष्ट होऊ शकते. मनाई असल्यास ३०१० हा संकेतांक मिळतो. त्याचा अर्थ, कार्य सिद्धीस गेले, पुनःप्रारंभ तेवढा उरला. १६०३ हा अपयशाचा संकेतांक होय. पडदा मूक असल्यामुळे हे अंक व नोंदफाइल वाचणे प्रशासकास अपरिहार्य ठरते.