रेल्वेत ड्रायव्हर व्हायचंय? आधी डोळे तपासा

दहावीनंतर ‘रेल्वेत ड्रायव्हर होणार’ म्हणणारी मुलं आम्हा शिक्षकांना दर वर्षी भेटतात. भुसावळसारख्या गजबजलेल्या यार्डात हे काम कसं चालतं, ते आधी समजून घेऊ.

यार्डात डबे जोडणं, सोडवणं, एका लाइनवरून दुसरीवर नेणं म्हणजे शंटिंग. वेग साधारण ताशी 15 किलोमीटरच्या आत. पण इंजिन मागून डबे ढकलत असेल, तर लोको पायलटला पुढचा रूळ दिसतच नाही. खालच्या माणसाचा इशारा हाच आधार: दिवसा लाल-हिरवी झेंडी, रात्री हातदिवा. इशारा दिसेनासा झाला की तिथंच थांबायचं. दोन डब्यांच्या मधे कपलिंग लावायला कुणी शिरलेलं असू शकतं.

म्हणून असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत ए-1 दर्जाची मेडिकल तपासणी असते. चष्म्याशिवाय 6/6 नजर हवी, रंग अचूक ओळखता यायला हवेत. लेझरने नंबर घालवलेले डोळेही चालत नाहीत. परीक्षा पास होऊन इथं बाद झालेला मुलगा आम्ही पाहिलाय.

तेव्हा पालकांनो, आयटीआयला नाव घालण्याआधीच मुलामुलींचे डोळे तपासून घ्या. चष्मा निघाला तर हिरमुसू नका. चष्मा चालेल अशा टेक्निशियनच्या जागाही रेल्वेत निघतात.