पिल्लाला वळण लावताना

गेल्या आठवड्यात एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. कुत्र्याच्या पिल्लाने घरात घाण केली म्हणून मुलाने त्याचे नाक त्यात घासले. पिल्लाने बोटाला दात लावला, रक्त आले. "पिल्लूच तर आहे, म्हणून हळद लावली," आई म्हणाली. दोन दिवस गेले होते.

पिल्लाच्या चावण्यानेही रेबीज होऊ शकतो. जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये. त्याच दिवशी लस सुरू करावी. रक्त आले असल्यास जखमेत सीरमही द्यावे लागते. उशीर झाला तरी टाळू नये.

मारल्याने पिल्लू शिकत नाही, लपून घाण करू लागते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी त्याला अंगणातल्या एकाच ठरलेल्या जागी न्यावे. तिथे केले की लगेच शाबासकी द्यावी. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोन तासांनी तरी न्यावेच लागते.

पिल्लांच्या विष्ठेत बहुधा गोल जंतांची अंडी असतात. मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर ती बाधक होतात. मुलांच्या हातावाटे पोटात गेल्यास यकृताला, क्वचित डोळ्यालाही इजा होते. जागा ठरलेली असली की विष्ठा रोज उचलता येते. पिल्लाला पशुवैद्यकांकडून जंतांचे औषध आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी.

त्या मुलाचे डोस चालू आहेत. पिल्लाला अंगणात नेण्याचे काम आता त्याच्याकडेच आहे. परतल्यावर हात धुण्याचेही.