17 इंचांचा हिशेब

डिसेंबर 2017 मध्ये एअर डेक्कनचं बीचक्राफ्ट 1900डी नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवरून मुंबईकडे झेपावलं. तेव्हा नाशिकमध्ये कौतुक होतं ते ‘उडान’ योजनेतल्या स्वस्त तिकिटाचं आणि कसारा घाट टळण्याचं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यामुळे 1964 पासून ओझरला विमानांची सवय होती, पण ती मिग विमानं होती. नाशिककरांनी ती खालूनच पाहायची. आता तिकीट काढून आत बसता येणार होतं. आतली सीट किती रुंद आहे, याची चौकशी कोण करतो?

आणि त्या विमानात ती करायची गरजही नव्हती. 19 आसनांच्या बीचक्राफ्टमध्ये मधोमध चिंचोळी वाट आणि दोन्ही बाजूंना एकेकच सीट. म्हणजे प्रत्येकाला खिडकी आणि शेजारी कुणीच नाही. अंगापिंडाने भरलेल्या प्रवाशाचा दंड सीटबाहेर आला तरी तो मोकळ्या वाटेत जायचा, कुणाच्या अंगावर नाही. अवघडलेपण, क्षमा मागणं, नजर चुकवणं यातलं काहीच नाही.

मात्र अशा छोट्या विमानात दुसरा हिशेब सुरू होतो, तो वजनाचा. विमानाचा तोल राखण्यासाठी एकूण भार किती आणि तो पुढे आहे की मागे, हे उड्डाणाआधी मांडावं लागतं. प्रत्येक प्रवाशाला काट्यावर उभं करणं सोयीचं नसल्याने जगभर सरासरी वजन धरतात. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, प्रौढ प्रवाशासाठी 75 किलो आणि लहान मुलासाठी 35 किलो असे आकडे ठरवून दिले. पावणेदोनशे प्रवाशांच्या विमानात एखादा 130 किलोचा आणि एखादी 50 किलोची, अशी वजाबाकी आपोआप होऊन जाते. 19 जणांच्या विमानात ती होईलच असं नाही.

याचा धडा बीचक्राफ्ट 1900डी याच जातीच्या विमानाने दिला होता. 8 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेत शार्लट विमानतळावरून उडालेलं एअर मिडवेस्टचं विमान काही क्षणांतच कोसळलं आणि त्यातले सर्व 21 जण ठार झाले. शेपटाकडच्या नियंत्रक तारेची जुळणी देखभालीत चुकली होती, हे एक कारण. दुसरं असं, की कागदावर भार मर्यादेत दिसत होता, प्रत्यक्षात विमान जड होतं आणि भार मागच्या बाजूला जास्त होता. सरासरी वजनाचे आकडे जुन्या काळातले होते. माणसं त्यांच्यापुढे निघून गेली होती. त्यानंतर अमेरिकी नियामक संस्थेने, एफएएने, हे आकडे वाढवले.

नाशिकच्या विमानसेवेत पुढची पायरी जून 2018 मध्ये आली. जेट एअरवेजने दिल्लीसाठी बोइंग 737 आणलं. इथे वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटा, प्रत्येक सीट जेमतेम 17 इंच रुंद. या 17 इंचांचं मूळ 1950 च्या दशकात आहे. 737 च्या प्रवासी कक्षाची रुंदी बोइंगने आपल्या 707 वरून घेतली. त्या रुंदीत सहा सीटा आणि एक वाट बसवली की प्रत्येकाच्या वाट्याला एवढंच येतं. नंतर आलेल्या एअरबस ए320 चा कक्ष काही इंचांनी रुंद असल्याने तिथली सीट साधारण 18 इंचांची असते. एका इंचाने काय होतं, हे मधल्या सीटवर दोन तास काढलेल्याला विचारावं.

जेट एप्रिल 2019 मध्ये बंद पडली. त्याच सुमाराला ओझरहून अलायन्स एअर आणि ट्रूजेटची एटीआर 72 विमानं उडत होती. त्यांत दोन-दोन सीटा, मधली सीटच नाही. 2021 मध्ये स्टार एअरने बेळगावसाठी एम्ब्रेअर 145 आणलं. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन सीटा. मार्च 2023 मध्ये इंडिगो आली. जेमतेम सहा वर्षांत सीटांच्या चार तऱ्हा एकाच विमानतळाने पाहिल्या. त्याच देहयष्टीचा नाशिककर बीचक्राफ्टमध्ये शेजाऱ्याला उपद्रव नसलेला, 737 मध्ये ‘अडचणीचा’ आणि एम्ब्रेअरमध्ये एकटी सीट मिळाली तर पुन्हा बिनतक्रारीचा ठरत होता. माणूस तोच होता, बदललं होतं ते विमान.

‘मोठा प्रवासी’ म्हटलं की डोळ्यांसमोर लठ्ठ माणूस येतो, पण सीट चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही. जानेवारी 2020 मध्ये हर्षवर्धन सदगीरने नाशिकसाठी महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. तो किताबी गट 86 ते 125 किलोंचा. त्या गटातले दोन मल्ल शेजारी-शेजारी 17 इंचांच्या सीटांवर बसवून पाहावेत. पोट सपाट असलं तरी खांदे कुठे ठेवणार? दुसरीकडे, बाकीचा देशही रुंदावत होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2005-06 मध्ये 12.6 टक्के स्त्रिया आणि 9.3 टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा स्थूल होते. 2019-21 मध्ये हे आकडे 24 आणि 22.9 टक्क्यांवर गेले. स्वस्त विमानसेवा फोफावली तीही नेमक्या याच वर्षांत.

या प्रश्नावर लेखी नियम करण्याची सुरुवात मात्र फार आधी आणि दूर झाली. अमेरिकेच्या साउथवेस्ट कंपनीने 1980 मध्ये धोरण केलं: हात टेकायच्या दोन दांड्यांमध्ये जो मावत नाही त्याने दुसरी सीट घ्यावी. पुढे त्यात सवलती आल्या. प्रवासानंतर दुसऱ्या सीटचे पैसे परत मिळू लागले आणि ऐनवेळी दारावर मागितली तरी सीट मिळू लागली. त्यामुळे जाड प्रवाशांमध्ये ही कंपनी लोकप्रिय झाली. तरीही फेब्रुवारी 2010 मध्ये याच कंपनीने चित्रपट दिग्दर्शक केव्हिन स्मिथला ओकलंडमध्ये बसलेल्या सीटवरून उतरवलं. स्मिथने सगळी हकिगत ट्विटरवर मांडली, जगभर चर्चा झाली आणि कंपनीला माफी मागावी लागली.

युनायटेड एअरलाइन्सने 2009 मध्ये नियम कडक केला तो उलट बाजूच्या तक्रारींवरून. आदल्या वर्षी तिच्याकडे 700 हून अधिक तक्रारी आल्या होत्या आणि त्या जाड प्रवाशांच्या नव्हत्या. त्यांच्या शेजारी बसलेल्यांच्या होत्या. अर्ध्या सीटवर बसून पूर्ण तिकिटाचे पैसे का मोजायचे, हा त्यांचा सवाल. तो खोटा म्हणता येत नाही. 17 इंचांत भांडण लागतं ते दोन प्रवाशांमध्ये. सीट ज्याने बसवली तो त्या वेळी विमानात नसतो.

कॅनडाने हाच धागा पकडला. 10 जानेवारी 2008 रोजी तिथल्या परिवहन प्राधिकरणाने ‘एक माणूस, एक भाडं’ असा निकाल दिला. देशांतर्गत विमानात एखाद्याला अपंगत्वामुळे, त्यात स्थूलतेमुळे आलेलं अपंगत्वही धरून, दोन सीटा लागत असतील तर दुसरीचं भाडं घ्यायचं नाही. कंपन्यांनी खर्चाचा बाऊ केला तेव्हा प्राधिकरणाने हिशेब मांडून दाखवला: एअर कॅनडाला हा बोजा तिकिटामागे सुमारे 77 सेंट पडेल आणि वेस्टजेटला 44 सेंट. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

फ्रान्समधल्या एका खटल्याची सुरुवात तर दिल्लीत झाली. ऑगस्ट 2005 मध्ये एअर फ्रान्सने परतणाऱ्या एका फ्रेंच पटकथालेखकाला दिल्ली विमानतळाच्या काउंटरवर थांबवण्यात आलं, त्याच्या कमरेभोवती चिकटपट्टी गुंडाळून माप घेतलं गेलं आणि दुसऱ्या सीटचे पैसे भरायला सांगितलं गेलं. सगळी रांग बघत होती. नोव्हेंबर 2007 मध्ये फ्रेंच न्यायालयाने कंपनीला 8,000 युरो भरपाई द्यायला लावली आणि दुसऱ्या सीटचे पैसेही परत करायला सांगितले. जास्त पैसे मागणं ही एक गोष्ट आणि चारचौघांत माप काढणं ही दुसरी.

सामोआ एअरने 2013 मध्ये या सगळ्यावर सरळ तोडगा काढला. माणूस आणि सामान एकत्र तोलायचं आणि किलोप्रमाणे भाडं घ्यायचं. जगाला ते क्रूर वाटलं, पण ती कंपनी उडवत होती ती आयलँडरसारखी चिमुकली विमानं, आणि तिथे किलोचा हिशेब खरोखरच लागतो. पुढे मोठ्या कंपन्यांनीही काटे मांडले, पण भाड्यासाठी नव्हे, सरासरी अद्ययावत करण्यासाठी. एअर न्यूझीलंडने 2023 मध्ये ऑकलंडला आणि फिनएअरने 2024 मध्ये हेलसिंकीला राजीखुशीने तयार झालेल्या प्रवाशांची वजनं घेतली. एअर न्यूझीलंडने तर काट्यावरचा आकडा प्रवाशालासुद्धा दिसणार नाही, अशी व्यवस्था ठेवली.

या सगळ्या काळात भारतात काय झालं? शरीराच्या मापाचे नियम इथेही झाले, पण ते प्रवाशांसाठी नव्हेत. ते झाले विमानात सेवा देणाऱ्यांसाठी. एअर इंडियाने वजन जास्त म्हणून हवाईसुंदरींना उड्डाणावरून उतरवलं. 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली आणि पुढच्या वर्षी काहींच्या नोकऱ्याही गेल्या. 2013 मध्ये गोएअरने जाहीर केलं की यापुढे केबिनमध्ये फक्त स्त्रिया घेणार, कारण त्या वजनाने हलक्या, म्हणजे इंधन वाचतं. 2014 मध्ये डीजीसीएने कर्मचाऱ्यांसाठी उंची आणि वजनाच्या गुणोत्तराची मर्यादा घातली. त्यात पुरुषांना 25 पर्यंत मुभा आणि स्त्रियांना 22 पर्यंतच. पुढच्या वर्षी एअर इंडियाचे सव्वाशेच्या आसपास कर्मचारी या नियमात अडकले.

प्रवाशाची बाब मात्र नाशिक-मुंबई शेअर टॅक्सीसारखी राहिली: चालकाने एकदा बघायचं, ‘शेठ, दोन सीटचे द्या’ म्हणायचं किंवा कुणाला तरी पुढे सरकवायचं. विमानात हे काम काउंटरवरचे कर्मचारी आणि हवाईसुंदरी करत आले. विमान भरलेलं नसेल तर शेजारची सीट रिकामी ठेवतात, पट्टा पुरत नसेल तर जोडपट्टी आणून देतात. समजूतदार माणसं भेटली तर सगळं गुपचूप पार पडतं. विमान भरलेलं असेल तर कुठे दाद मागायची, याचं सरळ उत्तर प्रवाशाजवळ नसतं.

गंमत म्हणजे दोन सीटांची सोय भारतात गाजावाजा करून आली ती करोनाच्या काळात. जुलै 2020 मध्ये इंडिगोने एका प्रवाशाला दोन सीटा घेण्याची मुभा जाहीर केली आणि दुसऱ्या सीटचं शुल्क मूळ भाड्याच्या 25 टक्क्यांपर्यंत ठेवलं. हेतू होता सुरक्षित अंतर. वर्षानुवर्षं अवघडून बसलेल्यांना जे मागायचा संकोच वाटत होता, ते विषाणूच्या भीतीने चार दिवसांत मिळालं. त्यात लाज वाटण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

आणि विमानाची सीटच जिथे निरुपयोगी ठरते, असं टोकाचं उदाहरण महाराष्ट्राने पाहिलं ते फेब्रुवारी 2017 मध्ये. सुमारे 500 किलो वजन असल्याचं सांगितलं गेलेली इजिप्तमधली एक रुग्ण शस्त्रक्रियेसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली, ती मालवाहू विमानातून. खास बनवलेल्या पलंगासह तिला आणलं गेलं आणि रुग्णालयात क्रेनने उचलून आत घेतलं गेलं.

सीट किती लहान असावी यालाच मर्यादा घाला, अशीही मागणी पुढे आली. ‘फ्लायर्स राइट्स’ या प्रवासी संघटनेच्या याचिकेवर जुलै 2017 मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने एफएएला या मागणीचा पुन्हा विचार करायला सांगितलं. 2018 मध्ये अमेरिकी संसदेने किमान मापं ठरवण्याचा कायदा केला. 2022 मध्ये एफएएने लोकांची मतं मागवली, तेव्हा 26,000 हून अधिक लोकांनी लिहिलं. मात्र 2024 संपेपर्यंत मापाचा नियम आला नव्हता. एफएएचं लक्ष राहिलं ते 90 सेकंदांत विमान रिकामं होतं की नाही यावर; बसलेला माणूस अवघडलेला आहे का, हा प्रश्न त्या कसोटीत येत नाही.

उदार समजल्या गेलेल्या साउथवेस्टनेही 27 जानेवारी 2026 पासून हात आखडता घेतला. मोकळ्या बसण्याची पद्धत संपवून सीट नेमून द्यायला सुरुवात झाली, त्याच दिवसापासून मोठ्या प्रवाशाने दुसरी सीट आधीच विकत घ्यायची असं ठरलं. विमान भरून गेलं तर परताव्याचा हक्क नाही.

ओझरला याच वर्षी सिंहस्थाची लगबग आहे. ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला, मुख्य स्नानं 2027 च्या पावसाळ्यात. विमानतळाच्या विस्ताराचं नियोजन त्या गर्दीच्या अंदाजाने चाललं आहे. येणाऱ्या विमानांतल्या सीटांची रुंदी मात्र विमान बांधतानाच आखली जाते आणि त्यात बसणाऱ्या प्रौढाचं वजन डीजीसीएच्या तक्त्यावरून धरलं जातं. दोन सीटा लागणाऱ्या यात्रेकरूने दुसरीचं शुल्क तिकीट काढतानाच विचारून घ्यावं. विमानं भरून येऊ लागली की काउंटरवर रिकामी सीट शोधून देण्याची गुंजाइश उरणार नाही.