किहीमची सुगरण आणि बांधावरचा मुठा

आज भेटायचंय रायगडच्या किनाऱ्यावरच्या दोन शेजाऱ्यांना. एक राहतो माडावर, दुसरा भातशेतीच्या बांधात. पाऊस लागला की दोघांचीही धावपळ सुरू होते.

आधी सुगरण. चिमणीएवढा पक्षी. नाव बाईचं, पण खोपा विणतो नर! भाताच्या पातीचे, माडाच्या झावळीचे लांब धागे चोचीने काढायचे आणि गाठी मारत विणायचे. १९३० च्या पावसाळ्यात सलीम अलींनी आपल्या अलिबागजवळच्या किहीमला याच पक्ष्यावर नजर ठेवली. त्यांना काय दिसलं? नर अर्धाच खोपा विणून थांबतो. मादी येते, आतबाहेर करून बघते. पसंत पडला तर राहते, मग नर तो पुरा करतो. मादी २ ते ४ अंडी घालते, आणि हे महाशय दुसरा खोपा विणायला मोकळे, दुसऱ्या मादीसाठी!

आता मुठा, म्हणजे शेतातला खेकडा. तो श्वास घेतो कल्ल्यांनी, आणि कल्ले ओले राहायलाच हवेत. म्हणून उन्हाळाभर बिळात खोल, ओलाव्याला धरून बसतो. पहिला पाऊस पडला की बाहेर.

खाडीतली चिंबोरी लाखोंनी अंडी घालते. त्यातून निघालेली सूक्ष्म पिल्लं पाण्यात तरंगतात, बहुतेक मरतात, तरी काही जगतात. मुठ्याचं तसं नाही. अंडी मोजकी, पण मोठी. त्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो. आई अंडी आणि पिल्लं पोटाच्या रुंद झाकणाखाली घेऊन फिरते. तिचा खोपा म्हणजे ती स्वतः.

फरक इथेच आहे बघा. सुगरणीचा एखादा खोपा वाऱ्याने पडला, तर त्याच हंगामात दुसरा विणता येतो. मुठ्याची मादी टोपलीत गेली, तर तिच्यासोबत सगळी पिल्लंही गेली. बिळाच्या जागी मातीचा भराव पडला, तर राहायची जागाही गेली.

खोपा दिसला की आपण मोबाईल काढतो. मुठा दिसला की रस्सा आठवतो! रस्सा खा, नाही कोण म्हणतंय? फक्त बॅटरी घेऊन बांधावर गेलात, तर खेकडा एकदा उलटा करून बघा. झाकणाखाली अंडी किंवा पिल्लं दिसली, तर हळूच परत सोडा. पुढच्या वर्षीचे मुठे तिच्याच पोटाशी आहेत.

भेटू पुढच्या भागात!