पृथ्वी फिरते, पण विमानाखालून निसटत नाही

खटाव-माणची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी गुवाहाटीपासून कोइमतूरपर्यंत पसरलेली. पूर्वी रेल्वेत रात्रीच्या रात्री काढणारी ही माणसं आता विमानानं ये-जा करतात. दिवाळीला गावी, वडूजला जमली की एक कोडं हमखास निघतं: मुंबईहून गुवाहाटी साधारण तीन तास, मग हिवाळ्यात परतीला जवळपास अर्धा तास जास्त का? अंतर तर तेच, सरळ रेषेत सुमारे 2,070 किलोमीटर. लगेच कुणीतरी शाळेतला भूगोल काढतो, “अहो, पृथ्वी फिरते ना!”

फिरते. पण कुणीकडे? पश्चिमेकडून पूर्वेकडे. जमीन खालून सरकत असती तर जाताना गुवाहाटी पुढे पळाली असती आणि येताना मुंबई सामोरी आली असती. म्हणजे परतीलाच वेळ कमी लागायला हवा! इतका साधा हिशेब न करता हे उत्तर वर्षानुवर्षं ठोकून दिलं जातं.

वडूजच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळजवळ 1,600 किलोमीटर वेगानं फिरते. ती विमानाला मागे टाकत असती, तर वडूजवर तासभर नुसतं तरंगणारं हेलिकॉप्टर ओमानसमोरच्या समुद्रावर निघालं असतं. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या एसटीत वर उडवलेलं नाणं मागच्या सीटवर पडत नाही, हातातच येतं.

खरं कारण वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, जेट स्ट्रीम. (त्याची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, भूगोलवाल्यांना तेवढे गुण देऊ.) ताशी 850 किलोमीटरच्या विमानाला वाटेत सरासरी 70 किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला, तर जमिनीच्या हिशेबानं वेग 920, समोरून आला तर 780. भागून बघा, पंचविसेक मिनिटांचा फरक तिथेच निघतो. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार झालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं.

पावसाळ्यात हा झोत हिमालयापलीकडे सरकतो आणि गुवाहाटीच्या फेरीतली तफावत उतरते. दक्षिण भारतावर तर तेव्हा खूप उंचावर उलटे, पूर्वेकडून वारे सुटतात, पी. कोटेश्वरम या आपल्याच हवामानशास्त्रज्ञांनी 1958 मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला. पृथ्वी काही आषाढ आला म्हणून फिरण्याचा वेग बदलत नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ. तिकिटावरचा वेळ सगळा हवेतला नसतो, धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच. स्क्रीनवर वाट वाकडी दिसते म्हणून विमान लांबून नेत नाहीत. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणा, तो आइसलंडजवळून जातो. आणि मुंबईहून दुपारी दोनला निघून संध्याकाळी सातला लंडनला उतरलात, तर प्रवास पाच तासांचा झाला असं गावभर सांगू नका. घड्याळातला फरक त्यात मिळवा: हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार.