पंचमीच्या रात्री दुर्बिणीची रांग

सकाळी ७. संगमनेरहून निघतो. जीपच्या मागच्या सीटवर आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीची नळी, खाली गोधडी, वर गोधडी. आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांचा, डबा माझ्या मांडीवर. तो मी कुणाकडे देत नाही. जानेवारी २०२६, माघ शुद्ध पंचमी. तिथी मुद्दाम धरलेली आहे. पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन समोरून पडतं, म्हणून खड्ड्यांना सावलीच उरत नाही, आणि तो इतका भगभगीत असतो की आजूबाजूचे तारेही बुजतात. पंचमीची कोर रात्री साधारण दहापर्यंत टिकते आणि तिच्या काठावर विवरं खणल्यासारखी उठून दिसतात. शाळेने तारीख विचारली की मी आधी पंचांग उघडतो, मग डायरी.

प्रोजेक्टर मी नेत नाही. हबलचे रंगीत फोटो दुपारी पाहिलेल्या मुलाला रात्री दुर्बिणीत राखाडी धुरकट ठिपका दिसला, की त्याचा चेहरा पडतो. तो ठिपका मात्र त्याने स्वतःच्या डोळ्याने पाहिलेला असतो. म्हणून आधी बघणं, फोटो नंतर कधीतरी.

९.३०. अकोले तालुक्यातली निवासी आश्रमशाळा. खडबडीत रस्त्याने आरसे हललेच आहेत, ते जुळवून घेतो. मुख्याध्यापक विचारतात, "साउंड सिस्टिम लावायची का?" नको. मैदानातला हॅलोजन रात्री बंद होईल का आणि त्याचं बटण कुणाच्या खोलीत आहे, तेवढं सांगा.

११. सूर्य. नळीच्या तोंडावर फिल्टर, त्यावर चिकटपट्टी, शोधक दुर्बिणीवर झाकण. हे झाकण विसरणं म्हणजे कुणाचा तरी डोळा गमावणं. एक पोरगा एक्स-रेची फिल्म घेऊन येतो, ग्रहणात घरी तीच वापरली म्हणे. ती मी ठेवून घेतो.

१२ ते १. मैदानात काठी रोवलेली. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला एक खडा. बारा वाजता सावली सर्वांत आखूड होणार, असं सगळ्यांनी वहीत लिहिलेलं. बारा वाजून जातात, सावली आखडतच राहते. पावणेएकच्या सुमारास ती थांबते आणि मग वाढू लागते. "सर, तुमचं घड्याळ पुढं आहे." दुसरं घड्याळ आणतात, तेही तेच सांगतं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. आपण त्याच्या साडेआठ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३४ मिनिटं. उरलेली बारा-एक मिनिटं पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि लंबवर्तुळाकार कक्षेमुळे. हा उरलेला हिशोब फक्त नववी-दहावीला सांगतो. लहानांना ३४ मिनिटांचा धक्का पुरेसा आहे.

२.३०. बास्केटबॉल पृथ्वी, टेनिसचा चेंडू चंद्र. आकारांचं प्रमाण जवळजवळ बरोबर बसतं. "चंद्र कुठे ठेवायचा?" बहुतेक मुलं तो हातभर अंतरावर धरतात. पुस्तकातल्या चित्रांची ही करामत. मग टेप लावतो: पृथ्वीचे तीस व्यास, म्हणजे सव्वासात मीटर. चेंडू पार व्हरांड्याच्या पायरीवर जातो. आणि शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये गेले ते अंतराळ स्थानक? बास्केटबॉलपासून पाऊण सेंटीमीटर वर. इथे हमखास कुणीतरी म्हणतं, "एवढंच?"

लगेच दुसरा प्रश्न: अपोलो ११ चार दिवसांत उतरलं, आपल्या चांद्रयान-३ ला चाळीस दिवस का लागले? आपलं रॉकेट लहान. म्हणून पृथ्वीभोवती कक्षा टप्प्याटप्प्याने उंचावत, इंधन वाचवत ते गेलं. १४ जुलै ते २३ ऑगस्ट २०२३. एक मुलगा बास्केटबॉलभोवती वाढते फेरे मारत चेंडूपर्यंत पोचतो. धापा टाकत.

६.२०. सूर्यास्त. दुर्बीण उघड्यावर ठेवतो. आरसा थंड झाल्याशिवाय चित्र थरथरतं. मुलं जेवायला बसतात.

७.१५. रांग. सव्वाशे मुलं, एक आयपीस. हात पाठीमागे, हा एकच नियम, कारण लहान पोरं पहिल्यांदा आयपीसच पकडतात. आधी चंद्र. त्याच्या जवळच शनी. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याकडे बरोबर धारेने आली होती आणि अजून ती बारीक रेघेएवढीच दिसतात. पुस्तकातला शनी आज नाही. एक मुलगी मागे सरकते: "आजीनं सांगितलंय, शनी बघायचा नाही." मी काही बोलत नाही, चंद्रच दाखवतो. अशा वेळी खिल्ली उडवणारे पाहुणे मला पटत नाहीत. थोड्या वेळाने ती पुन्हा रांगेत दिसते, या वेळी मैत्रिणीचा हात धरून.

८. माझा जोडीदार थांबलेल्या मुलांना घेऊन बसतो. "मृग कुणाला माहीत?" सगळे हात वर. जूनमध्ये लागतो, पाऊस येतो, भाताची रोपं टाकतात. मागच्या वर्षी पंचांगात मृगाचं वाहन कोणतं, यावर भांडण. "मग कुठे असतो तो?" कुणीच बोलत नाही. एक जण, "ढगात." जोडीदार आग्नेयेकडे बोट करतो: चार तारे चार पाय, मध्ये ओळीत तीन, तो बाण, खाली चमकतोय तो व्याध. ज्याच्या नावावर घरचं सगळं वेळापत्रक चालतं, तो आकाशात उभा आहे, हे या मुलांना कुणी दाखवलेलंच नसतं. "पण जूनमध्ये दिसला नाही!" सातवीतली एक मुलगी बराच वेळ बोटांनी काहीतरी फिरवत बसते आणि म्हणते, "तेव्हा सूर्य त्याच्यापाशी असतो ना. मग तो दिवसा उगवत असेल." तिला कुणी सांगितलं नव्हतं. व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वी निघाला, हे तिसरीच्या पोरांसाठी. आपण जन्मलो तेव्हाचा, म्हणून पोरं खूश.

९. गुरू. चार चंद्र एका ओळीत. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले तेच. मिनिट-दीड मिनिटात गुरू चौकटीबाहेर सरकतो. "सर, दुर्बीण हलली." नाही, जमीन फिरली.

१०.१५. रांगेच्या शेवटी स्वयंपाकघरातल्या मावशी आणि पहारेकरी काका. मावशी सर्वांत जास्त वेळ घेतात, मागून कुणी ढकलतही नाही.

११. शिक्षकखोलीत चिठ्ठ्यांचा डबा उपडा करतो. बोलायला लाजणारी मुलं त्यात लिहितात. "गुरूचे चंद्र त्याच्यावर पडत का नाहीत?" "चंद्रावर दिवस चौदा दिवसांचा, तर शाळा किती तास?" दोन-तीन चिठ्ठ्यांची उत्तरं वाचून मगच देता येतील, त्या वेगळ्या पाकिटात. मग पुढच्या सहलीचं बोलणं: २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सर्वांसाठी खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. तिथे मुलांना न्यायला एसटी मिळेल का, हे गुरुजी सकाळी डेपोत विचारणार आहेत.