विमापत्रावरचा आकडा

१९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि तेव्हापासून पगारातून विम्याचा हप्ता कापून देणे ही आपल्या नोकरदाराच्या संसाराची रीतच होऊन बसली. ज्या घरासाठी हा नोकरदार वीस वीस वर्षे कर्ज फेडतो, त्या घराच्या विम्याचा विचार मात्र त्याच्या मनात क्वचितच येतो. आला तरी तो आयुर्विम्याच्या सवयीने येतो. विमापत्रावर जेवढा आकडा, तेवढे पैसे आपत्तीनंतर हाती पडणार, अशी त्याची समजूत असते. मालमत्तेच्या विम्यातील बहुतेक तंट्यांचे मूळ या एका समजुतीत आहे.

माणसाच्या जिवाची किंमत करता येत नाही. म्हणून आयुर्विम्यात आधी ठरलेली रक्कम द्यावयाची असते. घराची व सामानसुमानाची किंमत मात्र करता येते, म्हणून तेथे झालेल्या नुकसानीची भरपाई तेवढी द्यावयाची असते. विमा रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा होय. ते देण्याचे वचन नव्हे. आगीपूर्वी विमेदार ज्या स्थितीत होता त्या स्थितीत त्याला पुन्हा आणून ठेवावे, त्याहून सुस्थितीत नव्हे, हे या विम्याचे आद्य तत्त्व आहे.

हे तत्त्व किती कसोशीने पाळले जाते, हे इंग्लंडमधील १८८३ सालच्या कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन या खटल्यावरून कळते. एका मालकाने आपली इमारत विकण्याचा करार केला. व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी आग लागली. मालकाने विमा कंपनीकडून ३३० पौंड घेतले आणि पुढे खरेदीदाराकडून ठरलेली पूर्ण किंमतही घेतली. नुकसान उरलेच नाही, असे म्हणून न्यायालयाने विम्याचे पैसे परत करावयास लावले. एकाच मालमत्तेचा दोन ठिकाणी विमा उतरला तरी भरपाई दुप्पट मिळत नाही, दोन्ही कंपन्या ती वाटून घेतात. हा कंपन्यांचा कंजूषपणा मानण्याचे कारण नाही. जळण्यात नफा आहे असे एकदा ठरले, तर आगी लागावयाच्या थांबणार नाहीत.

दुसरी संज्ञा विमेय हिताची. जी वस्तू नष्ट झाल्याने आपले आर्थिक नुकसान होते, तिचाच विमा आपल्याला उतरवता येतो. उत्तर आयर्लंडमधील एका जमीनदाराने आपले लाकूड एका कंपनीला विकले. कंपनीचे सारे भाग त्याचेच होते. विमा मात्र त्याने स्वतःच्या नावावर उतरला. १९२२ साली लाकूड जळाले आणि १९२५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला, की लाकूड कंपनीचे आहे, भागधारकाचे नव्हे. सबब भरपाई नाही. आपल्याकडेही विमापत्र कोणाच्या नावावर आणि कोणाच्या हितासाठी आहे, हे पाहावयास हवे. बँकेने गृहकर्जासोबत घ्यावयास लावलेला विमा पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नसतो.

आता घराच्या मोलाचा प्रश्न. समजा, एखाद्या शिक्षकाने पुण्यात ६०० चौरस फूट चटई क्षेत्राची सदनिका ९० लाखांना घेतली. विमा ९० लाखांचा उतरावयाचा काय? नाही. जमीन जळत नाही आणि वस्तीची प्रतिष्ठाही जळत नाही. पुन्हा बांधावे लागते ते केवळ बांधकाम. त्याचा खर्च चौरस फुटाला २,५०० रुपये धरला, तर विमा १५ लाखांचा होतो. साहजिकच हप्ताही लोकांना वाटतो त्याहून पुष्कळ कमी पडतो.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी आणलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी याच हिशेबावर उभी आहे. आग, वीज, पूर, भूकंप, दरड कोसळणे या आपत्ती तीत येतात. इमारतीच्या विम्यासोबत घरातील सामानाला, वेगळी यादी न देता, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण मिळते. रोख रक्कम आणि कागदपत्रे मात्र त्यात येत नाहीत. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

या पॉलिसीची खरी सवलत अल्पविम्यासंबंधीची आहे. २० लाखांचा माल असलेल्या दुकानदाराने हप्ता वाचवण्यासाठी १० लाखांचाच विमा उतरला आणि ४ लाखांचा माल भिजला, तर त्याला ४ लाख मिळत नाहीत, २ लाख मिळतात. निम्म्या मालाचा धोका त्याने स्वतःच्या शिरावर घेतला होता, असे विमाशास्त्र मानते. याला सरासरीची अट म्हणतात. ‘भारत गृह रक्षा’ने घरांपुरती ही अट उठवली आहे. छोट्या उद्योगांसाठीच्या प्रमाणित पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची तूटच काय ती माफ आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तसे जेथे शिरू शकते त्या प्रत्येक गावातील व्यापाऱ्याने हे गणित आजच मांडून पाहावे.

शेवटी शब्दांविषयी. व्यवहारात चोरी आणि घरफोडी यांत आपण फारसा भेद करीत नाही. विमापत्र करते. घरफोडीच्या व्याख्येत बळाचा वापर नमूद असेल, तर बळ न वापरता झालेल्या चोरीची भरपाई मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केले. विमेदाराने काहीही लपवू नये, अशी अपेक्षा कायदा धरतो, आणि ती रास्त आहे. परंतु मग कंपनीनेही काही लपता कामा नये. बारीक टाइपातील इंग्रजी कलमे ही एक प्रकारची लपवणूकच होय. विमापत्राचा सुबोध मराठी गोषवारा विक्रीच्या वेळीच हाती देणे, हे कंपन्यांचे कर्तव्य मानले पाहिजे.

तोवर काही गोष्टी आपल्या हाती आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत रंगकामावर तासभर चर्चा होते. इमारतीचा विमा आहे काय, केवढ्याचा आहे आणि तो बांधकामाच्या कोणत्या दराने काढला, हे तीन प्रश्न त्याच सभेत एखाद्या सभासदाने उभे राहून विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.